पहिला नांगर कोणाचा?

अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांतांत सॉलोमन बुचर नांवाचा एक छायाचित्रकार होऊन गेला. १८८६ सालापासून पुढें कित्येक वर्षें तो कस्टर परगण्याच्या माळरानांत हिंडून तेथें नव्यानें वसलेल्या शेतकरी कुटुंबांचीं छायाचित्रें काढीत असे. त्यांपैकीं एक चित्र पाहणाऱ्याच्या मनांत घर करून राहतें. उघड्या अंगणांत, गुराढोरांच्या शेजारीं, एक पायपेटी ठेवलेली आहे, आणि तिच्याभोंवतीं आईबाप व मुलें ठेवणींतलीं वस्त्रें लेऊन उभीं आहेत. पायपेटी अंगणांत कशी आली? त्या घरच्या बाईला आपलें घर चित्रांत यावें असें वाटत नव्हतें. कारण घर मातीचें होतें. पूर्वेकडे राहणाऱ्या सोयऱ्याधायऱ्यांना घर दिसूं नये, पण पायपेटी मात्र दिसावी, म्हणून ती जड पेटी ओढून बाहेर आणण्यांत आली, आणि चित्र निघाल्यावर पुनः आंत नेण्यांत आली.

या गोष्टीवर हंसणें सोपें आहे. परंतु आपापल्या घराण्याची हकीकत सांगतांना आपण सर्वजण हेंच करीत नाहीं काय? जें मिरविण्याजोगें तें अंगणांत आणतों, आणि जें अडचणीचें तें चित्राबाहेर ठेवतों. तर मग आजचा प्रश्न असा आहे: पूर्वजांच्या कष्टांचें फळ आपण खातों, तेव्हां त्या फळाबरोबर दुसरें कांहीं आपल्या पदरीं येतें कीं नाहीं? आणि येत असेल, तर तें झांकून ठेवण्याचा आपणांस अधिकार आहे काय? वाचकहो, या प्रश्नाचा विचार त्याच माळरानावरील शेतकऱ्यांच्या हकीकतीवरून करूं. ते लोक दूरचे खरे. पण त्यांचें जगणें आपल्या खेड्यांतील जगण्याला वाटतें त्याहून पुष्कळच जवळ आहे.

२० मे १८६२ रोजीं अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांनीं 'होमस्टेड कायदा' या नांवाच्या कायद्यावर सही केली. राहतें घर व त्यालगतचें शेत यांस मिळून तिकडे होमस्टेड म्हणतात. एकवीस वर्षें पुरीं झालेल्या अथवा कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकास, तसेंच नागरिक होण्याचा इरादा रीतसर नोंदविणाऱ्या परदेशी माणसासही, सरकारी जमिनीपैकीं १६० एकरांपर्यंतचा तुकडा मागतां येई. अट एवढीच कीं, त्यानें तेथें घर बांधून पांच वर्षें वस्ती करावी व जमीन कसावी. किरकोळ फी सोडली तर किंमत कांहीं नाहीं. १ जानेवारी १८६३ पासून कायदा अमलांत आला. तो १९७६ सालीं रद्द झाला. एका अलास्का प्रांतांत मात्र १९८६ पर्यंत चालला. तेवढ्या अवधींत सुमारें १६ लाख दावे पुरे होऊन सुमारें २७ कोटी एकर जमीन, म्हणजे त्या देशाच्या क्षेत्राचा जवळजवळ दहावा हिस्सा, खासगी मालकीची झाली.

आपल्याकडील दोन-तीन एकरांच्या धन्यास १६० एकर हा आंकडा स्वप्नासारखा वाटेल. परंतु त्या माळरानांत पश्चिमेकडे जावें तसतसा पाऊस कमी होत जातो, आणि तेवढी जमीनही पोटास पुरत नाहीं. म्हणून १९०४ सालीं पश्चिम नेब्रास्कापुरती ही मर्यादा ६४० एकर करावी लागली. पुष्कळ कुटुंबें तर पांच वर्षें भरण्याआधींच हताश होऊन परत फिरलीं.

आले कोण? जर्मनी, स्वीडन, नॉर्वे, बोहेमिया या देशांतील गरीब कुळें आलीं. पूर्वेकडील प्रांतांत ज्यांच्या वांट्यास कांहींच येण्यासारखें नव्हतें असे धाकटे मुलगे आले. विधवा व अविवाहित स्त्रियांनाही स्वतःच्या नांवें जमीन मागतां येत असे. बुचरच्या एका प्रसिद्ध चित्रांत चार सख्ख्या बहिणी आपल्या मातीच्या झोंपडीपुढें उभ्या आहेत, आणि त्यांच्यापैकीं कांहींनीं स्वतःच्या नांवें जमीन घेतली. गुलामगिरींतून सुटलेले काळे लोकही आले. १८७७ सालीं त्यांच्यापैकीं कांहींजण केंटकी प्रांत सोडून कॅन्ससमध्यें गेले व त्यांनीं निकोडेमस नांवाचें गांव वसविलें. ज्यांच्या आईबापांस दुसऱ्याच्या शेतांत विकत घेतलेल्या जनावराप्रमाणें राबावें लागलें, त्यांच्या हातीं स्वतःच्या शेताचा कागद आला, तेव्हां त्यांना काय वाटलें असेल हें आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांना समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां त्यांचा संसार पाहूं. त्या माळावर झाड नाहीं, दगड नाहीं. नजर पोहोंचेल तेथवर गवत. त्या गवताच्या मुळ्या जमिनींत इतक्या दाट विणलेल्या कीं साध्या नांगराचें तेथें कांहीं चालत नसे. पोलादी फाळाचा जड नांगर व बैलांच्या दोन-तीन जोड्या लागत. नांगरानें सोललेल्या या मातीच्या पट्ट्या फावड्यानें कापून फूटभर रुंद व दोन-तीन फूट लांब अशा विटा करीत, आणि गवताची बाजू खालीं करून त्या एकावर एक रचीत. भिंती दोन-तीन फूट जाड होत. एका लहानशा घरास सुमारें एकरभर जमिनीचें कवच लागे. आपल्या धाब्याच्या घराप्रमाणें हें घरही उन्हाळ्यांत थंड व हिंवाळ्यांत ऊबदार असे. पण पावसाळी दिवसांत बाहेरचा पाऊस थांबला तरी आंत थेंब गळतच राहत. छपरांतून माती, उंदीर, क्वचित् सापही खालीं पडत. म्हणून कित्येक बाया छताखालीं कापड ताणून बांधीत.

लांकूड नाहीं, मग चूल कशावर पेटवावी? माळावर बायसन नांवाचीं रानरेड्यासारखीं मोठीं जनावरें पूर्वीं लाखोंनीं चरत असत. त्यांच्या वाळलेल्या रानशेणी सर्वत्र पडलेल्या होत्या. त्या वेंचून आणणें हें बायकांचें व मुलांचें काम असे. शहरांतून आलेल्या सुनांना आरंभीं त्यांची शिसारी येई; पुढें त्याच हातांनीं शेणी चुलींत सारून त्या भाकरी थापीत. बायसन संपल्यावर गाईंचें शेण, पीळ घातलेलें गवत, दाणे काढून घेतलेलीं मक्याचीं कणसें, जें मिळेल तें जाळीत. पाणी दुरून आणावें लागे. विहीर खोदावी तर कोठें कोठें शंभर-दोनशें फूट खालीं जावें लागे. गांवोगांवीं पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या मागाहून.

गव्हाचें अथवा मक्याचें पीक हातीं लागेल कीं नाहीं याचा नेम नसे. तेव्हां संसार चाले तो पुष्कळ अंशीं घरधनिणीच्या लोण्यावर व अंड्यांवर. आठवड्याचें लोणी व अंडीं दुकानांत देऊन ती साखर, कॉफी, कापड व सुया आणी. शेताचा दाखला नवऱ्याच्या नांवें, नफातोट्याची वही नवऱ्याच्या हातीं. पण टिकाव धरला तो कोणाच्या बळावर, हें त्या वहींत लिहिलेलें नसतें. घराण्याच्या हकीकतींत पहिली माणसें विसरलीं जातात तीं हींच. आजोबांनीं जमीन फोडली असें आपण म्हणतों. आजीनें त्या वर्षीं काय खाल्लें हें कोणी विचारीत नाहीं.

आपत्तीही आल्या. १८७४ च्या उन्हाळ्यांत कॅन्सस व नेब्रास्का प्रांतांवर टोळधाड उतरली. आकाश झांकळून गेलें, आणि उभीं पिकें कांहीं तासांत नाहींशीं झालीं. कांदे जमिनीच्या आंतून पोखरून खाल्ले गेले. घोड्यांचें चामडी सामान व दोरीवर वाळत घातलेलीं वस्त्रेंही टोळांनीं कुरतडलीं. १२ जानेवारी १८८८ रोजीं सकाळीं हवा ऊबदार होती, म्हणून पुष्कळ मुलें जाड कपड्यांवांचून शाळेस गेलीं. दुपारीं अकस्मात् बर्फाचें वादळ सुटलें. हाताचें हातास दिसेना. त्या वादळांत दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं असा अंदाज आहे, आणि त्यांत घराची वाट चुकलेलीं शाळेचीं मुलें बरीच होतीं. त्या दिवसाला तेथील लोक आजही मुलांच्या वादळाचा दिवस म्हणून ओळखतात.

अशा ठिकाणीं एकट्यानें राहतां येत नाहीं. मळणीच्या वेळीं सारे शेजारी एकाच्या खळ्यावर, मग दुसऱ्याच्या, असे फिरून काम उरकीत. आपल्याकडे जिला सावड म्हणतात तीच रीत. कोणाचें घर उभारायचें, कोणाच्या बाळंतिणीपाशीं बसायचें, कोणाची शवपेटी घडवायची, सर्व कांहीं शेजाऱ्यांनींच.

हें सर्व ऐकल्यावर त्यांच्या नातवा-पणतवांना अभिमान वाटला तर त्यांत गैर काय? कांहीं नाहीं. ज्यांच्या घामावर आपण उभे आहों त्यांची आठवण न ठेवणारें कुटुंब मुळें तोडलेल्या झाडासारखें असतें. अंगणांतील पायपेटी खोटी नव्हती. ती खरोखर त्या घरची होती. परंतु अर्धी गोष्ट जेव्हां पूर्ण म्हणून सांगितली जाते, तेव्हां तिच्यांतील खरा भागही खोटेपणाची चाकरी करूं लागतो.

तीं कुटुंबें सांगतात: येथें कांहीं नव्हतें, आमच्या आजोबांनीं पहिला नांगर घातला. नांगर पहिला असेल. पण पेरणी पहिली नव्हती. प्लॅट, लूप व रिपब्लिकन या नद्यांच्या कांठीं पॉनी लोकांचीं गांवें कित्येक पिढ्यांपासून होतीं. मातीनें लिंपलेल्या मोठ्या गोल घरांत ते राहत. आणि नदीकांठच्या मऊ जमिनींत त्यांच्या बाया मका, घेवडा व भोंपळा पेरीत. बायसनाच्या खांद्याचें हाड लांकडी दांड्यास बांधून त्या त्याची कुदळ करीत. म्हणजे त्या भूमीचा पहिला शेतकरी शोधूं गेलें तर तो पुरुष नाहीं, गोरा नाहीं, आणि त्याच्या हातीं लोखंड नाहीं. ती एक पॉनी स्त्री आहे. १८७४-७५ च्या सुमारास पॉनी लोकांस ती भूमि सोडून, आज ज्यास ओक्लाहोमा म्हणतात त्या दक्षिणेकडील प्रदेशांत, जावें लागलें.

कायदा अमलांत आला त्या पहिल्याच दिवशीं ज्यांनीं अर्ज दाखल केले त्यांपैकीं एक डॅनिएल फ्रीमन. त्याची जमीन नेब्रास्कांतील बीट्रिस गांवाजवळ आहे, आणि आज तें एक राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तो मुलूख ओटो व मिसूरिया या जमातींचा. १८५४ च्या तहानें त्यांनीं आपली बहुतेक जमीन सोडून दिली व बिग ब्लू नदीच्या कांठीं एक राखीव पट्टा ठेवला. १८८१ सालीं तो पट्टाही सोडून त्यांना दक्षिणेस जावें लागलें.

पोंका लोकांची कथा याहून कठीण. त्यांचीं घरें होतीं, शेतें होतीं. १८६८ च्या एका तहांत सरकारनें चुकीनें त्यांची जमीन सू नांवाच्या दुसऱ्या जमातीस देऊन टाकली, आणि ही चूक दुरुस्त करण्याऐवजीं १८७७ सालीं पोंकांनाच तेथून हालविलें. नव्या जागीं रोगराईनें माणसें भराभर मेलीं. त्यांचा एक नायक स्टँडिंग बेअर याचा मुलगाही मेला. मरतांना त्यानें, मला आपल्या मूळ भूमींत पुरा, अशी इच्छा सांगितली. जानेवारी १८७९ मध्यें, भर हिंवाळ्यांत, मुलाच्या अस्थि घेऊन व सुमारें तीस माणसें बरोबर घेऊन तो बाप उत्तरेकडे निघाला. वाटेंत त्यांना कैद झाली. ओमाहा येथील न्यायालयांत खटला चालला, आणि न्यायाधीश एल्मर डंडी यांनीं १२ मे १८७९ रोजीं निकाल दिला कीं, इंडियन माणूसही कायद्याच्या दृष्टीनें 'व्यक्ति' आहे, आणि त्यास न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क आहे. वाचकहो, थोडें थांबून पाहा. मुलाला मूठमाती देण्यासाठीं निघालेला बाप माणूस आहे कीं नाहीं, हें ठरविण्यास न्यायालय बसवावें लागलें. आणि त्याच वर्षीं त्याच प्रांतांत हजारों कुटुंबें आनंदानें आपल्या नव्या शेतांत पेरणी करीत होतीं.

येथें त्या शेतकऱ्यांच्या वंशजांकडून तीन उत्तरें येतात. तीं त्यांचींच नव्हेत. कोणत्याही देशांतील सुस्थित माणसाच्या ओंठीं तींच असतात.

पहिलें उत्तर: जमीन कायद्यानें मिळाली. खरें आहे. परंतु जें देणाऱ्याचें नव्हतें तें त्यानें दिलें, एवढ्यानें घेणाऱ्याचा प्रश्न सुटत नाहीं. कागद रीतसर असूं शकतो आणि व्यवहार अन्यायाचा असूं शकतो. त्या वसाहतवाल्यांपैकीं पुष्कळजण आपणांस कनान देशांत जाणाऱ्या इस्राएल लोकांच्या जागीं कल्पीत. पण ज्या ग्रंथांत कनानची गोष्ट आहे त्याच ग्रंथांत नाबोथाच्या द्राक्षमळ्याचीही आहे. आणि तेथेंही पत्रें रीतसर होतीं, शिक्का रीतसर होता, साक्षीदार रीतसर उभे केलेले होते.

दुसरें उत्तर: आम्हीं जमिनीचा अधिक चांगला उपयोग केला. याचें उत्तर त्या मातीनेंच दिलें. गवताच्या मुळ्यांनीं धरून ठेवलेली माती नांगरांनीं, आणि १९२० च्या दशकांत ट्रॅक्टरांनीं, फार मोठ्या विस्तारावर मोकळी केली. १९३० च्या दशकांत अवर्षण पडलें, तेव्हां धरून ठेवणारें कांहीं उरलें नव्हतें. दक्षिणेकडील माळरानांत, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास व कोलोरॅडो या प्रांतांत, धुळीचीं वादळें उठूं लागलीं. १४ एप्रिल १९३५ हा दिवस 'काळा रविवार' म्हणून लक्षांत राहिला. भर दुपारीं काळोख झाला. त्याच महिन्यांत मातीच्या रक्षणासाठीं कायदा करावा लागला. कष्टाळूपणा हा सद्गुण आहे. पण ज्यावर कष्ट करावयाचे त्याचें स्वरूप न ओळखणारा कष्टाळूपणा आपल्याच नातवांचें अन्न वाऱ्यावर सोडून देतो.

तिसरें उत्तर सर्वांत बळकट आहे, आणि त्यास आदरानें तोंड दिलें पाहिजे. आमच्या आजोबांनीं कोणास हांकललें नाहीं. ते स्वतःच उपाशी होते. आणि आम्ही तर तेव्हां जन्मलोंही नव्हतों. मग आमचा दोष काय? माझें उत्तर असें कीं, दोष नाहीं. दुसऱ्याच्या कृत्याचा दोष जन्मानें अंगाला चिकटतो असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु दोष आणि ऋण या दोन गोष्टी भिन्न आहेत. हें आपल्या शेतकऱ्यास सहज समजावें. सातबाराच्या उताऱ्यावर शेत धारण करणाऱ्यास भोगवटादार म्हटलेलें असतें, आणि 'इतर अधिकार' या रकान्यांत जमिनीवरचा बोजा लिहिलेला असतो. बाप वारला म्हणजे वारसाची नोंद होते. बापाचें नांव जाऊन मुलाचें चढतें. पण त्याबरोबर बोजा उतरतो काय? कर्ज मुलानें काढलेलें नसतें, तरी शेत हवें असेल तर बोजासह घ्यावें लागतें. पीक माझें, पण कर्जाशीं माझा संबंध नाहीं, असें म्हणणारास गांव काय म्हणेल तें सांगावयास नको.

हें दुसऱ्यांस सांगणें सोपें आहे, म्हणून माझ्या घरची गोष्ट सांगतों. लहानपणीं आमच्याकडे आजोबांच्या विहिरीची कथा नेहमीं सांगण्यांत येई. खडकांत पहार चालेना, आजोबांनीं सुरुंग लावले, आजीनें दगडांच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या, आणि तिसऱ्या वर्षीं पाणी लागलें. कथा अक्षरशः खरी आहे. आजीच्या टाळूवरचे केस गेलेले मीं पाहिले आहेत. चाळिशी उलटल्यावर एका वृद्ध आत्याकडून मला कळलें कीं, ज्या तुकड्यांत ती विहीर आहे तो तुकडा १९७२ च्या दुष्काळांत शेजारच्या एका घरानें कांहीं पोतीं जोंधळ्याच्या बदल्यांत आम्हांस लिहून दिला होता. आजोबांनीं त्यांना फसविलें नाहीं. त्या जोंधळ्यावर त्यांचीं लेंकरें जगलीं हेंही खरें. पण उपाशी माणसानें ठरविलेली किंमत ही किंमत नव्हे. पुढें पाऊसपाणी बरें झालें तेव्हां तो तुकडा परत मागण्याइतकें त्यांच्यापाशीं कधींच कांहीं जमलें नाहीं, आणि तें कुटुंब गांव सोडून गेलें. आमच्या कथेंत विहीर आहे. तें घर नाहीं. ती विहीर ही माझी पायपेटी.

हें कळल्यानें आजोबा माझ्या दृष्टीनें लहान झाले काय? झाले नाहींत, ते माणूस झाले. याच्या उलट चूकही आजकाल पुष्कळ घडते. कांहींजणांना पूर्वजांचा एक अन्याय सांपडला कीं त्यांचें सारें जीवनच ढोंग वाटूं लागतें. तेंही अर्धेंच चित्र. वादळांत मुलाला शोधावयास गेलेली आई आणि मुलाच्या अस्थि घेऊन बर्फांतून निघालेला बाप, दोघांनाही एकाच पानावर जागा दिली पाहिजे. निकोडेमसच्या वंशजांत अशी आठवण सांगतात कीं, पहिल्या हिंवाळ्यांत त्यांचे वाडवडील जमिनींत खोदलेल्या खोपटांत उपाशी दिवस काढीत असतां शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनीं आपल्या मांसाचा वांटा त्यांना दिला. ज्यांची भूमि गेली होती त्यांनीं भूमीवर आलेल्यांना जगविलें. ही आठवण त्या गांवानें टाकून दिली नाहीं. ऋण मान्य करण्यास मोठें धन लागत नाहीं, हें गुलामगिरींतून सुटलेल्या त्या लोकांनीं दाखवून दिलें.

मग वारसानें करावें काय? सगळें शेत सोडून निघून जावें काय? प्रत्येक ठिकाणचें उत्तर एक नसेल. पण त्याच माळरानांत अलीकडे घडलेल्या दोन गोष्टी मला मार्गदर्शक वाटतात. पॉनी लोकांनीं स्थलांतराच्या वेळीं आपल्या मक्याचें बियाणें बरोबर नेलें होतें; परंतु ओक्लाहोमाच्या मातींत तें नीट येईना, आणि कांहीं वाणांचे मूठमूठच दाणे उरले. या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांनीं विश्वासानें तें बियाणें नेब्रास्कांतील बागवानांच्या हातीं दिलें. जुन्या मातींत तें जोमानें आलें. वसाहतवाल्यांच्या वंशजांनीं तें राखलें, वाढविलें, आणि दाणे पॉनी लोकांस परत केले. दुसरी गोष्ट २०१८ सालची. ज्या वाटेनें पोंका लोकांस हांकून नेलें त्या वाटेवर ज्यांचें शेत आहे अशा एका शेतकरी दांपत्यानें, जेथें पोंकांचा मका पुनः पेरला जाऊं लागला होता तो लहानसा तुकडा त्या जमातीच्या नांवें करून दिला. २७ कोटी एकरांपुढें हा तुकडा काय? हिशेबाच्या दृष्टीनें कांहीं नाहीं. परंतु बोजा रकान्यांत लिहिला गेला. ज्यानें बोजा लिहिला तो फेडीच्या वाटेस लागला. ज्यानें रकानाच फाडून टाकला त्यास फेडण्याचा दिवस कधींच उगवत नाहीं.

आणि हें ऋण केवळ त्यांचेंच आहे असें आपण समजूं नये. १८९९-१९०० च्या दुष्काळांत आपल्या मुलखांत माणसें वाटेवर मरून पडत होतीं. तेव्हां अमेरिकेंतील सामान्य लोकांनीं वर्गणी जमवून 'क्विटो' नांवाच्या जहाजांतून न्यूयॉर्कहून मुंबईस सुमारें पांच हजार टन मका पाठविला. तो मका मिशनऱ्यांच्या हस्तें वांटण्यांत आला. आपल्यापैकीं कित्येकांच्या पणजीनें तो खाल्ला असेल, आणि म्हणूनच आपण आज आहों. पाठविणाऱ्यांचे आभार आपण मानतों, आणि मानलेच पाहिजेत. पण मका हें धान्य मुळांत माणसाच्या उपयोगाचें केलें कोणी? अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनीं, हजारों वर्षें निवडून, राखून, पेरून. म्हणजे हाडाची कुदळ धरणाऱ्या त्या स्त्रीचें नांव आपल्याही घराण्याच्या हकीकतींत, कोठें तरी अगदीं आरंभीं, येतें. आपण कोणाकोणाच्या अन्नावर वाढलों याचा शोध घेऊं लागलों तर कोणीही असें म्हणूं शकणार नाहीं कीं, मी जें कांहीं आहें तें माझ्या घरच्या घामावर आहें.

तेव्हां वाचकहो, आपल्या घरांतील म्हातारीं माणसें अजून बोलतीं आहेत तोंवर त्यांच्यापाशीं बसा. शेत कोणी फोडलें हें विचारा. त्यांत आजीचें काय गेलें हेंही विचारा. आपण येण्याआधीं त्या बांधावर कोण उभें असे, आणि तें माणूस कोठें गेलें, हें विचारा. उत्तर देतांना म्हातारा क्षणभर गप्प राहिला तर त्या गप्पपणाचाही मान ठेवा, पण प्रश्न सोडूं नका. मग आपल्या पश्चात् ती माती कशा अवस्थेंत मुलांच्या हातीं जाणार आहे, तें स्वतःस विचारा. आणि जें समजेल तें मुलांना सांगा.

मी यंदां सुगीच्या आधीं त्या गेलेल्या घराचा पत्ता काढण्याचें ठरविलें आहे. ते लोक काय म्हणतील, आणि मला काय देतां येईल, तें आतांच सांगतां येत नाहीं. निदान विहिरीची गोष्ट त्यांच्या नांवासह सांगण्याची परवानगी तरी त्यांच्याकडे मागेन.

त्या बाईची पायपेटी अंगणांत चांगली दिसते. पण तिच्या मागें तें मातीचें घर दिसलें असतें, तर तें चित्र अधिक सुंदर झालें असतें.